हिचं वांगं

तात्यांच्या खानावळीबाहेर एक काळी पाटी टांगलेली असायची. जे मिळणार नाही ते तात्या रोज सकाळी स्वतःच्या हाताने तिच्यावर लिहायचे. 'बटाटा न्हाय. फ्लावर न्हाय. पनीर न्हाय. टोमॅटो संपला.' उन्हाळ्यात ही यादी इतकी लांबायची की शेवटचे दोन 'न्हाय' पाटीच्या लाकडी चौकटीवर यायचे. गाडीवरून उतरलेलं गिऱ्हाईक पाटी वाचायचं, परत एकदा वाचायचं आणि विचारायचं, "मग हाय काय?"

"बसा. बघून येतो," असं म्हणून तात्या टोपी बदलायचे आणि मागच्या मळ्यात जायचे.

टोप्या दोन होत्या. एक मळ्यातली, एक चुलीपाशीची. एके काळी दोन्ही पांढऱ्या असाव्यात. मला त्या सारख्याच मळकट दिसायच्या, पण तात्यांना लांबून ओळखू यायच्या. मळ्यातली टोपी घालून चुलीपाशी यायचं नाही आणि चुलीपाशीची घालून मळ्यात जायचं नाही, असा त्यांचा नियम. मी नवी असताना झाडलोट करून दोन्ही एकाच खुंटीला अडकवल्या, तर त्यांनी त्या दोन्ही धुऊन वाळत घातल्या आणि दिवसभर बोडक्या डोक्याने फिरले. "आजारी हाय का?" असं चार माणसांनी मला विचारलं.

खानावळ बारामतीहून कऱ्हाटीकडे जाणाऱ्या रस्त्याला होती. पत्र्याची शेड, सहा बाकं, दोन चुली आणि मागे पाऊण एकराचा मळा. मी तिथं भाकरी थापायला लागले तेव्हा माझं वय पस्तीस होतं आणि जगातली कुठलीही खोड मला माहीत आहे, असा माझा समज होता. तात्यांकडे पहिले आठ दिवस काढल्यावर तो गेला. आता गुडघे गेल्यामुळे तात्या इंदापूरला लेकीकडे असतात. खानावळ बंद झाली, मळा दुसऱ्याकडे गेला. मी बारामतीत स्वतःची मेस चालवते. आठवड्यातून एकदा त्यांचा फोन येतो. तब्येत कशी, पोरं कशी, यातलं काही नाही. "आज काय शिजवलंस?" एवढंच. बटाटा म्हटलं की फोन बंद.

बटाट्यावर त्यांचा राग होता त्याला कारण होतं. बारामतीतल्या एका वसतिगृहाच्या मेसमध्ये त्यांनी सव्वीस वर्षं स्वयंपाक केला. बटाट्याला ते 'सरकारी भाजी' म्हणायचे. पाऊस येवो, थंडी येवो, कुणी पास होवो, कुणी नापास होवो, ताटात तीच. महिन्यातनं दोन रविवार ते गावी घरी यायचे आणि त्या दोन दिवसांत बायकोने मळ्यात जे पिकवलं असेल ते जेवायचे. "चौदा दिवस पोटात काय गेलं त्येचा पत्ता नसायचा," ते म्हणायचे, "आन पंधराव्या दिवशी कळायचं, आत्ता श्रावण चाललाय." मेस सुटली, त्यानंतर दोन वर्षांत बायकोही गेली. मग त्यांनी तिचा मळा तसाच चालू ठेवला. एकटा माणूस खाऊन खाऊन किती खाणार, म्हणून त्याच्या पुढ्यात पत्र्याची शेड उभी केली. हे सगळं त्यांनी मला सलग कधी सांगितलं नाही. शेंगा सोलता सोलता एकेक वाक्य टाकायचे, मी वेचून ठेवलं.

त्यांच्याकडे जेवायचं म्हणजे ऋतूचं ऐकावं लागायचं. पावसाळ्यात तांदुळजा, पाथरी, घोळ असल्या पालेभाज्या, श्रावणात पडवळ आणि दोडका, थंडीत चाकवत, पावटा, हरभऱ्याचा पाला. चैत्र-वैशाखात मळा उघडा पडायचा, तेव्हा शेवग्याच्या शेंगा, सांडग्यांची आमटी, हुलग्याचं माडगं. सगळं बी जुनं, घरचं. बियाणं विकायला दुकानाची माणसं यायची, तात्या त्यांना पोटभर जेवायला घालायचे आणि पाकीट परत द्यायचे. म्हणायचे, "तुमचं बी पावण्यासारखं हाय. एकदा येतंय, खाऊनपिऊन जातंय, दुसऱ्या वर्साला तोंड दावत न्हाय."

एकदा भर उन्हात इंदापूरकडचे कुणी साहेब चार पाहुण्यांना घेऊन आले. पाहुणे मोठे असावेत, साहेब सारखे रुमालाने मान पुसत होते. ताटात सांडग्यांची आमटी, भाकरी, कांदा.

"तात्या, मोठे पाहुणे आहेत. काहीतरी हिरवं द्या की!"

तात्यांनी प्रत्येकाच्या ताटात एकेक हिरवी मिरची ठेवली. मी तोंडाला पदर लावून चुलीकडे वळले. पाहुण्यांपैकी एक म्हातारे गृहस्थ मात्र आमटी पिऊन म्हणाले की हे त्यांनी आजोळी खाल्लं होतं. त्यांना तात्यांनी आणखी दोन वाट्या वाढल्या. साहेबांना नाही.

आता एवढं सगळं असून हा माणूस एका बाबतीत चिक्कू होता. जेवायला सढळ. कुणी दोन भाकरी जादा मागितल्या तर आनंदच. भाजी मागा, शेंगा मागा, काकड्या मागा, पिशवी भरून देतील. बी मागितलं की मात्र चेहरा बंद. जेवायला आलेल्या बायका हमखास मागायच्या, कारण बायकांनाच कळतं काय मागायचं ते. "तात्या, त्या घेवड्याचं चार दाणं द्या की." तात्या म्हणायचे, "ताटातलं न्या." आता उकडलेला दाणा कुणी पेरतं का? मी एकदा त्यांना तोंडावर म्हटलं, "तात्या, तुमचं मन डोंगराएवढं हाय, पण मूठ मुंगीची हाय." ते म्हणाले, "मुंगीच साठवती."

आणि सगळ्या बियांत त्यांचा जीव होता तो एका वांग्यात. हिरवट पांढऱ्या पट्ट्यांचं, बोराहून मोठं पेरूहून लहान, देठाला बोटाला टोचतील असे काटे. त्या वांग्याला ते 'हिचं वांगं' म्हणायचे. बायको नरसिंहपूरच्या बाजूची, लग्न होऊन आली तेव्हा माहेरचं बी घेऊन आली होती. बायकोचं नाव तात्यांच्या तोंडून मी कधी ऐकलं नाही. वांग्याच्या निमित्ताने 'ही' रोज चारदा ऐकली.

बायकोच्या माहेरचं नातं मात्र तुटलेलं होतं, आणि ते तोडायचं श्रेय पूर्णपणे तात्यांचं. त्यांना दुसऱ्याच्या घरचं जेवण चालायचं नाही. लग्नाला गेले तरी फडक्यात आपली भाकरी-भाजी बांधून न्यायची आणि खुशाल पंगतीत बसून सोडायची. बाकीच्या नातेवाइकांनी ही खोड म्हणून हसण्यावारी नेली होती. पण मेव्हण्याच्या, म्हणजे आबांच्या, एकुलत्या एका लेकीच्या लग्नातही त्यांनी हेच केलं. मेस सुटून महिनाच झाला होता. पंगतीत बटाट्याचा रस्सा आला आणि तात्यांनी फडकं सोडलं. आबा हात जोडून समोर उभे राहिले. "दाजी, दोन घास तरी घ्या. पोरीचं लगीन हाय."

"आबा, सव्वीस वर्सं ह्योच रस्सा ढवळला म्या. लग्नात तरी सुटका करा की राव."

पंगत खो खो हसली. आबा हसले नाहीत. पोरीच्या बापाला भरल्या मांडवात हसं करून घ्यायला कुणाला आवडेल? पुढे तात्यांची बायको गेली तेव्हा आबा तेराव्याला आले, बहिणीच्या फोटोपुढे बसले आणि दाजींच्या घरचं पाणीही न पिता निघून गेले. तेव्हापासून येणं-जाणं बंद. मी हा किस्सा पहिल्यांदा ऐकला तेव्हा मलाही हसू आलं होतं. नंतर आलं नाही.

आता माझ्या प्रतापाकडे येते.

मला तिथं लागून चार महिने झाले होते. आमच्या भागात पुष्कळ घरांत चातुर्मासात वांगं खात नाहीत. मार्गशीर्षात चंपाषष्ठीला खंडोबाला भरीत आणि रोडग्याचा नैवेद्य दाखवायचा आणि मग वांग्याला मोकळीक. त्या दिवशी तात्यांकडे भरीत खायला झुंबड उडायची. पण त्या वर्षी वांग्यांवर रोग पडला होता. पानं बारीक बारीक होत जातात, झाड खुजं राहतं आणि फळच धरत नाही. तात्यांनी झाडामागून झाड उपटून जाळलं. गिऱ्हाइकांपुरती जांभळी वांगी कशीबशी निघाली होती. 'हिच्या' वांग्याचं एकच झाड पाटाच्या कडेला धड उभं होतं आणि त्याला दोन फळं होती.

चंपाषष्ठीच्या सकाळी तात्या गूळ आणायला बारामतीला गेले. "बारापातूर येतो," म्हणाले. बारा वाजले, तात्या नाहीत. बाकं भरलेली, पाट्यावर ठेचा तयार, रोडगे निखाऱ्यात, जांभळ्या वांग्यांचं भरीत पातेल्यात. देवाला दाखवल्याशिवाय वाढायचं कसं? आणि लोकांच्या पातेल्यातलं काढून देवाला दाखवणं मला पटेना. मी मळ्यात गेले. पाटाच्या कडेच्या त्या झाडाजवळ जाते तर दोन्ही वांग्यांच्या देठांना लाल चिंध्या बांधलेल्या.

माझ्या जिवात जीव आला. माझ्या माहेरी चंपाषष्ठीच्या आधी आठ दिवस आई झाडावरच्या चांगल्या दोन वांग्यांना अशीच चिंधी बांधायची. ती खंडोबाची. घरात कुणी त्यांना हात लावायचा नाही, आणि सणादिवशी सगळ्यांत आधी तीच भाजायची. मला वाटलं, बघा, तात्यांनी देवाची वांगी कधीच राखून ठेवलीत, मला सांगायचं तेवढं विसरले. म्हातारा माणूस, विसरायचाच. उलट माझ्या हुशारीचं मलाच कौतुक वाटलं. वांगी पिरगळून तोडली, चिंध्या चुलीत टाकल्या, वांगी निखाऱ्यावर भाजली, लसूण-मिरची घालून कुसकरली, खंडोबाच्या फोटोपुढे पान मांडलं, भंडारा वाहिला. मग पंगत वाढली.

तात्या आले ते दिवस मावळताना. एसटी वाटेत बंद पडली होती. मी त्यांना नैवेद्याचं पान वाढलं. त्यांनी पहिला घास घेतला आणि माझ्याकडे बघितलं. चार महिन्यांत त्यांनी माझ्या कशालाच बरं म्हटलं नव्हतं.

"बाई, आज हात बसला तुझा," तात्या म्हणाले आणि वाटी बोटाने पुसून खाल्ली. मी त्या आनंदात घरी गेले आणि नवऱ्याला दोनदा सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तात्या मळ्यातून परत आले आणि बाकावर बसून राहिले. पाटी लिहिली नाही. मी विचारलं, "काय झालं?"

"हिच्या वांग्याचं बी गेलं. दोन फळं बियाला राखली व्हती, चिंधी बांधून. शेळीनं खाल्ली."

तेव्हा मला कळलं. बियाला ठेवलेलं फळ चुकून कुणी तोडू नये म्हणून तात्या त्याला चिंधी बांधायचे. ते झाडावरच पिवळंजर्द पिकू द्यायचं, मग बी काढून राखेत चोळून ठेवायचं. माझ्या आईची चिंधी देवाची होती आणि तात्यांची बियाची होती, आणि मला दुसरी माहीत नव्हती. जुनं बी त्यांनी सगळं त्याच वर्षी पेरलं होतं, रोगाने नेलं होतं. कुणाला दिलेलं असतं तर मागून आणता आलं असतं. पण त्यांनी कधी कुणाला दिलंच नव्हतं.

मी बोलले नाही. आता लिहिताना मला माझीच लाज वाटते, पण खरं ते खरं. वाटलं, झाड उभं आहे, आणखी एखादं फळ धरेल, मग सांगू. पुढचे पंधरा दिवस तात्या सकाळ-संध्याकाळ बांधावर उभे राहून शेजारच्या शेळीला शिव्या द्यायचे. शेळीच्या मालकिणीने एकदा उत्तर दिलं, "तात्या, माजी शेळी पाला सोडून वांगंच कसं खाईल?" ते ऐकून माझ्या हातातली भाकरी तव्यावर वाकडी पडली. त्या शेळीची मला अजून कीव येते. आणि सोळाव्या दिवशी त्या झाडाचीही पानं बारीक होऊ लागली. तात्यांनी ते स्वतःच्या हाताने उपटलं.

दुसऱ्या दिवशी मी पाहिलं तर तात्या त्या रिकाम्या जागेभोवती बाभळीच्या काट्यांचं कुंपण घालत होते. आत काहीही नव्हतं. हाताला ओरखडे उठले होते, रक्त येत होतं, आणि ते एकेक फांदी नीट रचत होते. आता मात्र माझ्याने राहवलं नाही.

"तात्या, शेळीनं न्हाय खाल्ली. म्या तोडली. देवाची समजून खंडोबाला भाजली."

त्यांनी फांदी खाली ठेवली. "दोन्ही?"

"दोन्ही."

"आन म्या खाल्लं त्ये..."

"व्हय."

ते उठले आणि सरळ चुलीपाशी येऊन बसले, डोक्यावर मळ्यातली टोपी तशीच. मी मागोमाग आले आणि उभी राहिले. कामावरून काढतील, दोन थोबाडीत देतील, काहीतरी करतील म्हणून मी वाट बघत होते. ते एवढंच म्हणाले, "भरीत झक्क झालतं, ह्येच वंगाळ झालं बघ." आणि मग चार दिवस माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत. ते चार दिवस मला शिव्या खाण्यापेक्षा जड गेले.

पाचव्या दिवशी मी सुट्टी घेतली, बारामतीहून इंदापूर आणि तिथून नरसिंहपूरची एसटी धरली. वांगं जिथून आलं तिथं ते असणारच, एवढीच माझी अक्कल. आबांचं घर देवळापासून दीड मैलावर, उसाच्या मधोमध. परसात बघते तर तीच काटेरी देठांची वांगी, ओळीने. मला रडूच आलं. आबांच्या मालकीणबाईंना, काकींना, मी हात जोडून सांगितलं की तात्यांकडचं बी गेलं, चमचाभर द्या. कसं गेलं ते काही सांगितलं नाही, धीरच झाला नाही.

काकींनी मला चहा पाजला, पण बियाचं नाव काढू देईनात. "आमच्यात निरोपावर बी देत न्हाईत, बाई. ज्येला पायजे त्येनं सोता यायाचं, त्या बियाची भाजी हितं बसून खायाची, मग न्यायचं. चव ठावं न्हाय त्येला बी संबाळायचं कसं कळंल?"

ओसरीवरून आबा ओरडले, "आन दाजीला सांग, फडकं घरीच ठिवून ये!"

परत येऊन मी जसंच्या तसं सांगितलं. तात्यांचे कान लाल झाले. "मरू दे त्ये वांगं. मी जात न्हाय." त्या दिवशी त्यांनी पाटीवर 'वांगं न्हाय' असं लिहिलं, आणि एरवी संध्याकाळी पुसायची ती पाटी तशीच ठेवली. पंधरा दिवस ते 'वांगं न्हाय' तिथंच होतं. बाकीची नावं रोज बदलायची, त्याच्यावरून फडकं फिरायचं नाही. मी भाकरी थापत होते. माझ्या मनात एकच होतं, की हे असंच राहिलं तर जन्मभर माझ्या डोक्यावर राहणार.

पौषातली सकाळ होती. मी कामावर आले तर तात्या धुतलेलं धोतर आणि कोरी टोपी घालून रस्त्याला उभे होते. ही तिसरी टोपी मी कधी पाहिलीच नव्हती. "चल," म्हणाले. त्यांच्या हाताकडे माझी नजर गेली. उपरणं होतं, भाकरीचं फडकं नव्हतं. मी परात झाकली, कुलूप लावलं आणि निघाले. एसटी उसाच्या ट्रॉल्या मागे टाकत जात होती आणि ते वाटभर खिडकीबाहेर बघत बसले होते. इंदापूर सोडल्यावर एकदाच बोलले. "काय वाढत्याल गं?"

"वांगं वाढत्याल, तात्या."

"त्ये ठावं हाय मला."

आबांनी या म्हटलं नाही, बसा म्हटलं नाही. काकींनी पाणी दिलं, पाट मांडले, तात्यांचा, आबांचा आणि माझा. मी नको म्हणत होते, पण काकींनी बळेच बसवलं. ताटात भाकरी, भरलं वांगं, बाजूला दह्यातली चटणी. तात्यांनी देठाला धरून वांगं उचललं, जरा वेळ बघितलं आणि खाल्लं. भाकरी संपली, त्यांनी दुसरी घेतली. मग ताट पुढं करून म्हणाले, "वैनी, आणिक एक वांगं घाला."

हा माणूस दुसऱ्याच्या घरात मागून घेत होता. काकींनी एक सोडून दोन वांगी वाढली.

आबांनी विचारलं, "कसं झालंय, दाजी?" तात्या काय बोलतील याचा नेम नव्हता, आणि मी देवाचं नाव घेतलं.

"ही असंच करायची," तात्या म्हणाले.

आबा खाली बघून भाकरी कुसकरत राहिले. त्यांचा राग तिथंच उतरला असावा, पण नऊ वर्षांचा होता, थोडा बाहेर पडायलाच हवा होता. एकदम मान वर करून म्हणाले, "मग घालीवलं कसं वो तुमी? माज्या भनीनं माहेरची एकच गोष्ट नेली व्हती. एक! तेवढी संबाळता आली न्हाय तुमाला?"

मी घास खाली ठेवला. आता माझी पाळी होती. "आबा, त्ये..."

"बाई, तू जेव," तात्या म्हणाले. आणि आबांकडे बघून सांगितलं, "माज्या हातनं गेलं. बियाची फळं म्या वळखली न्हाईत. भाजून खाल्ली."

मग आबांनी त्यांना जे झापलं, ते मी इथं लिहीत नाही. वय काढलं, अक्कल काढली, मेसमधली सव्वीस वर्षं काढली. कुणाच्या बापाचं ऐकून न घेणारे तात्या मान खाली घालून ऐकत होते. मध्येच "व्हय" म्हणत होते, मध्येच "खरं हाय" म्हणत होते. मी दोनदा बोलायला तोंड उघडलं, दोन्ही वेळा त्यांनी माझ्या ताटात चटणी वाढली. माझ्या डोळ्यांतलं पाणी काकींनी पाहिलं. त्यांना काय कळलं नि काय नाही, देव जाणे. मला मात्र छातीवरचा धोंडा कुणी अलगद उचलून बाजूला ठेवावा तसं झालं. इतकं हलकं मला त्याआधी वाटलं नव्हतं आणि नंतरही फारसं नाही.

आबा दमले तेव्हा काकींनी माळ्यावरचं गाडगं काढलं. राख झटकून बी मुठीत घेतलं आणि तात्यांपुढे आल्या. तात्यांनी उपरणं पसरलं. मग काय वाटलं कुणास ठाऊक, त्यांनी ते परत गोळा करून खांद्यावर टाकलं.

"माज्या हातनं एकडाव गेलंय, वैनी," ते म्हणाले. "माज्याकडं नगं. हिच्या पदरात घाला."

मी तात्यांकडे बघितलं. ते दाराबाहेर बघत होते. मी पदर पसरला. काकींनी बी घातलं, स्वतः गाठ मारली आणि दोनदा ओढून बघितली. आबा आम्हाला रस्त्यापर्यंत पोचवायला आले, तात्यांना म्हणाले, "पुढल्या खेपंला रिकाम्या हातानं येऊ नगा, पावटा आणा," आणि तात्यांनी बरं म्हटलं.

एसटीत खिडकीची जागा मिळाली. मी ती गाठ दोन्ही हातांनी धरून बसले होते. कंडक्टर आला, तिकीट म्हणाला. मी पिशवीकडे वळणार तेवढ्यात तात्यांनी बंडीतनं पैसे काढले.

"दोन द्या," ते म्हणाले. "तिचा हात मोकळा न्हाय."